हेर्पेलारचा राजवाडा पुन्हा हरवतो

१

जत्रेच्या रविवारी सकाळी गोडेलीव्हने मानाच्या खोलीचं कुलूप काढलं, तेव्हा मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी न सांगता पायपुसण्यावर पाय पुसले. हेर्पेलारमधल्या प्रत्येक घरात अशी एक खोली असते. घरातलं सगळ्यात चांगलं सामान तिच्यात असतं, आणि म्हणूनच तिच्यात कोणी बसत नाही. जत्रा असली, पाद्रीबाबा आले किंवा घरात कोणी वारलं, तरच ती उघडायची. फिर्मिन जन्मापासून याच घरात राहत होता, पण तिथल्या मखमली खुर्चीला त्याने अजून एकदाही पाठ टेकलेली नव्हती.

आज मात्र त्याची ऐट बघण्यासारखी होती. आयुष्यभर बस चालवलेला हा माणूस छातीवर राजाचा चांदीचा पट्टा घालून उभा होता आणि पोट आत ओढून धरायचा प्रयत्न करत होता. भिंतीवर पांढऱ्या शुभ्र कापडाखाली गावाच्या मालकीचं, राजवाड्याचं जुनं चित्र टांगलेलं होतं. वर्षभर माश्या बसू नयेत म्हणून ते असं झाकलेलं असायचं.

"ओढू का?" फिर्मिनने विचारलं.

"थांबा जरा," गोडेलीव्ह म्हणाली आणि खिडकीतून फाटकाकडे बघत राहिली. "कॉफी घेता का आधी सगळे?"

"तिसऱ्यांदा कॉफी? अगं, पोटात समुद्र झालाय!" असं म्हणत त्याने कापड ओढलंच.

कापडाखाली सोनेरी चौकट होती आणि चौकटीत भिंतीवरच्या कागदाची निळी फुलं होती. चित्र नव्हतं.

मग फिर्मिनने चौकटीत हात घालून भिंत चाचपली, जणू राजवाडा जरा आत सरकून बसला असेल.

"गेला," तो म्हणाला. "माझा राजवाडा गेला."

खरा राजवाडा तर केव्हाच जळून गेला होता. त्या काळी राज्य करणारे आर्चड्यूक तिथे शिकारीला यायचे, त्या जागी आता कोबीची शेतं होती. राजवाडा उरला होता तो फक्त एका जुन्या चित्रकाराने ओकच्या फळ्यांवर रंगवलेल्या दोन निसर्गचित्रांत. एक चित्र सेराफाइनच्या बारमध्ये टांगलेलं असायचं. दुसरं फिरतं होतं. जत्रेच्या दिवशी उंच खांबावरचा लाकडी पोपट जो बाणाने खाली पाडेल तो त्या वर्षाचा राजा, आणि चित्र वर्षभर त्याच्या घरी. पुढच्या जत्रेला राजाने ते स्वतःच्या हाताने मैदानात आणून खांबाच्या पायथ्याशी ठेवायचं. चित्र नाही आणलं, तर धनुष्याला हात लावायचा नाही.

फिर्मिन लागोपाठ दोन वर्षं राजा झाला होता. तिसऱ्यांदा झाला असता, तर तो सम्राट. गावात सम्राट झालेला माणूस जिवंत असलेल्या कोणीच पाहिलेला नव्हता. तरुणपणापासून फिर्मिनला दुसरं काही हवं नव्हतं. गोडेलीव्ह म्हणायची, लग्नाची मागणी घालतानाही याचं अर्धं लक्ष खांबाकडे होतं.

तो आपल्या पुतणीकडे वळला. "विवी, तू इन्स्पेक्टर आहेस ना?"

विव्हिना शहरात गुन्हे शोधायची, पण इथे ती फक्त जेवायला आली होती. "काका, मी सुट्टीवर आहे."

"चोर सुट्टीवर आहे का? दुपारी स्पर्धेचा ढोल वाजला की संपलं सगळं. माझं वय बघ. पुन्हा लागोपाठ तीनदा जिंकायला मी काय शंभर वर्षं जगणार आहे?" त्याचा आवाज चिरकला. तेव्हा मात्र विव्हिनाला खरोखर वाईट वाटलं. हा माणूस तिला लहानपणी बसच्या पुढच्या सीटवर बसवून भोंगा वाजवू द्यायचा.

"कोणी कशाला हात लावू नका," ती म्हणाली.

२

हात लावण्यासारखं फारसं काही नव्हतंच. खिडक्या आतून बंद होत्या आणि कुलूप शाबूत होतं. किल्ली गोडेलीव्हच्या कमरेला, आणि तिच्या कमरेची किल्ली काढून नेईल असा चोर बेल्जियममध्ये अजून जन्माला यायचा होता.

"काकू, शेवटचं चित्र कधी बघितलंस?"

"मी कशाला बघू? झाकलेलं असतं."

"पण दर शनिवारी या खोलीची धूळ तूच झटकतेस."

"झटकते ना. वरून." गोडेलीव्हने पुन्हा फाटकाकडे मान वळवली.

विव्हिनाने कापड उचलून पाहिलं. त्याला कडक खळ होती आणि इस्त्रीच्या घड्या अजून सुरीसारख्या होत्या. ज्या कापडाच्या आत वर्षभर कोणी डोकावलं नाही, ते कालच इस्त्री केलेलं कसं? तिने तोंडापर्यंत आलेला प्रश्न गिळला. पोलीस खात्यात ती एक गोष्ट शिकली होती. नातेवाइकांना प्रश्न विचारायचे ते जेवताना.

जेवायला आलुबुखार घालून शिजवलेला ससा होता. वास असा की फिर्मिनसुद्धा दुःख बाजूला ठेवून टेबलाशी आला. गोडेलीव्हने झाकण काढलं, ससा वाढला, आणि त्याच्या शेजारी डावभर मॅकरोनी टाकली.

फिर्मिन ताटाकडे बघत राहिला. सकाळी चौकटीकडे बघत होता अगदी तसाच.

"बटाटे कुठेत?"

"संपले."

"संपले म्हणजे?"

"संपले म्हणजे संपले. मॅकरोनीने काही मरत नाही माणूस."

"अगं, गेल्या आठवड्यात मी अख्खं पोतं तळघरात ठेवलं! जत्रेच्या दिवशी सशाबरोबर मॅकरोनी? माझी आई वर बसून बघत असेल!"

"बघू दे. तिने तरी कुठे चांगला ससा शिजवला कधी?"

फिर्मिनला राजवाडा गेल्याचं दुःख होतंच, पण बटाट्यांचा हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला. तो काटा टाकून धनुष्याची दोरी ताणायला परसात निघून गेला. विव्हिनाने काकांच्या वाटचा ससाही संपवला, कारण तो वाया जाणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग ती उठली आणि पुन्हा मानाच्या खोलीत गेली. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, लाकडाच्या खाचेत, काहीतरी करडं, चिकट वाळलेलं होतं. तिने ते नखाने काढलं. विव्हिनाची एक खोड होती, आणि तिचे वरिष्ठ त्यावरून तिला नेहमी बोलायचे. जे ओळखू येत नाही, ते ती चाखून बघायची.

तिने चाखलं. चव ओळखीची होती. मीठ मात्र नव्हतं.

३

सेराफाइन बारचा मालक होता आणि धनुर्धर मंडळाचा प्रमुखही. दोन्ही कामं तो एकाच ॲप्रनमध्ये करायचा. त्याच्याकडे निघालेल्या विव्हिनाच्या हातात फिर्मिनने संशयितांच्या नावांची चिठ्ठी कोंबली होती. "एक तो ओडिलॉन केकवाला. जन्मभर माझ्या मागे दुसरा येतोय, मी नसलो की राजा तोच. दुसरा सेराफाइन. दोन्ही चित्रं बारमध्ये टांगली तर पर्यटक येतील म्हणून टपलाय मेला. आणि तिसरी ती विद्यापीठातली बाई."

विद्यापीठातली बाई, म्हणजे डॉक्टर हादेविख, बारमध्येच सापडली. खुर्चीवर उभी राहून ती भिंतीवरच्या चित्राला नाक लावून बघत होती. हे दुसरं भावंड. कित्येक पिढ्यांच्या तंबाखूच्या धुराने ते असं काळवंडलं होतं की राजवाडा जळण्याआधीच जळाल्यासारखा दिसे.

"पुसत का नाही हे?" विव्हिनाने विचारलं.

"हात लावाल तर खबरदार!" काउंटरमागून सेराफाइन ओरडला. "माझ्या बायकोलाही मी लावू देत नाही. तिचं सारखं चालू असतं, देऊ का एक हात मारून, देऊ का एक हात मारून. बिअर घेणार?"

"कामावर आहे."

"मग लहान ग्लास घे."

तिने लहान ग्लास घेतला. "सेराफाइनकाका, दुसरंही चित्र इथे टांगायचंय म्हणे तुम्हाला?"

"टांगायचंय ना! पण चोरून टांगलं तर लोकांना दिसणार कसं? चोराला लपवायला लागतं, मला दाखवायचंय." हे म्हणणं बिनतोड होतं. "आणि ऐक, फिर्मिन माझा मित्र आहे. पण ढोल वाजला आणि चित्र नसलं, तर मी त्याला खांबाजवळ उभं करणार नाही. माझ्या बापालाही केलं नसतं."

हादेविख खुर्चीवरून उतरली. तिचा चेहरा पडला होता. "मी प्रदर्शनासाठी मागितलं होतं ते चित्र, मंडळाने नाही म्हटलं. मी रडले, चोरलं नाही. माझा सगळा सिद्धांत त्या दोन चित्रांवर उभा आहे हो. या चित्रात बुरूज जास्त आहेत, फिरत्या चित्रात कमी. म्हणजे आधी हे काढलं, मग राजवाडा थोडा थोडा पाडला, आणि मग दुसरं काढलं. यावर मी लेख लिहिलाय."

"फिरतं चित्र तुम्ही नीट पाहिलंय?"

"जवळून कोणी बघूच देत नाही. मानाच्या खोलीत पाय ठेवू देत नाहीत. फोटोंवरून लिहिलं." तिने समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे प्रत्येक वर्षाच्या राजाचा फोटो होता. छातीवर पट्टा, हातात चित्र, शेजारी राणी, म्हणजे राजाची बायको. "शेवटचे दोन-तीन बघितले होते. फोटो काय, सगळे सारखेच."

विव्हिना ग्लास घेऊन फोटोंसमोरून चालू लागली. सगळे सारखे नव्हते. सगळ्यात जुन्या फोटोत राजवाड्याला बुरुजांची रांग होती, अगदी बारमधल्या चित्रासारखी. पुढे एका वर्षी एक बुरूज नाही. त्याच्या पुढच्या वर्षी धुरांडी नाहीत. मग बुरूज परत येतो, पण दुसऱ्याच जागी आणि जरा जाडा. मग एक अख्खी बाजू पुसट होते आणि पुढच्या जत्रेला ती झालरीच्या सज्ज्यांसह उगवते. फिर्मिनच्या हातातल्या राजवाड्याचे सज्जे तर असे वळणदार होते की बघूनच तोंड गोड व्हावं.

हादेविख तिच्या मागोमाग चालत होती. शेवटच्या फोटोशी ती मटकन खुर्चीवर बसली.

"राजवाडा आर्चड्यूकने नाही पाडला," ती क्षीण आवाजात म्हणाली.

"नाही," विव्हिना म्हणाली. "गावाने पाडला. आणि बांधलाही गावानेच. आता मला बांधणाऱ्याकडे जायचंय."

४

जत्रेच्या दिवशी केकचं दुकान बंद, हे हेर्पेलारमध्ये चर्च बंद असण्यासारखं होतं. विव्हिना मागच्या बाजूला गेली. दार लोटलेलं होतं आणि आतून व्हॅनिलाच्या वासाबरोबर दुसराच एक तेलकट वास येत होता.

ओडिलॉन पीठ मळायच्या ओट्याला पाठ लावून उभा होता. उंच, वाकलेला, चेहऱ्यावर झोपेचा पत्ता नाही. हात मनगटापर्यंत हिरवे.

"पिस्त्याची क्रीम," तो घाईघाईने म्हणाला. "केलीय भरपूर."

"अरे वा, ओडिलॉनकाका! ससा खाल्ला, पण गोड राहिलंच बघा." विव्हिनाने ओट्यावरची हिरव्याने भरलेली वाटी उचलली आणि बोट बुडवून तोंडाकडे नेलं.

"नको! खाऊ नकोस ते, विष आहे!" ओडिलॉनने झडप घालून तिचा हात धरला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हळूहळू पिठाच्या पोत्यावर बसला.

"खाणार नव्हते," विव्हिना बोट पुसत म्हणाली. "कापडाला कालचीच इस्त्री होती. म्हणजे काकूने चित्र काल उघडलं होतं. चौकटीत कच्च्या बटाट्याचा चिकटा होता, आणि घरातलं बटाट्याचं पोतं गायब. आमच्या आजीच्या वेळेपासून या गावात बायका चित्रं अर्धा बटाटा घेऊन घासतात. जत्रेआधी घर घासायचं, पायऱ्या घासायच्या, मग राजवाड्याने काय पाप केलंय? प्रत्येक राणीने घासला आणि दर वेळी थोडा राजवाडा बटाट्याबरोबर निघाला. पण कोणीतरी तो परत काढत होतं. आणि केकवर क्रीमची नक्षी काढावी तसे सज्जे काढणारा हात गावात एकच आहे."

ओडिलॉनने नाकारलं नाही. उलट इतक्या वर्षांनी कोणाला तरी सांगता येतंय, याचं त्याला बरंच वाटत असावं.

"मी एकदाच राजा झालो. माझ्या बायकोने, एमेरान्सने, लख्ख करायला म्हणून घासलं आणि एक बुरूज गेला. रडून रडून अर्धी झाली गं. म्हटलं, थांब. केकचे रंग घेतले, अंड्याच्या बलकात कालवले आणि काढला बुरूज. कोणाला कळलं नाही. पण तिने आपल्या मैत्रिणीला सांगितलं. झालं! दर जत्रेआधी मागच्या दाराने एक राणी, ॲप्रनखाली चित्र. 'ओडिलॉन, एवढं बघ ना.' आता एमेरान्सही नाही राहिली, पण राण्या येतात."

"आणि केकचे रंग पाण्याने सुटतात, म्हणून पुढच्या राणीच्या हातून आणखी राजवाडा जातो."

"काल गोडेलीव्ह आली ती जवळजवळ कोरी फळी घेऊनच. तळं होतं, झाडं होती, राजवाडाच नाही. तिने पोतंभर बटाटे संपवले त्यावर, एक डाग निघत नाही म्हणून. तो डाग राजवाडाच होता! म्हणून या वेळी खरे तैलरंग आणले. रात्रभर बसलो. सकाळी घेऊन निघालो, केकच्या खोक्यात घालून."

"मग आला का नाहीत? काकू पहाटेपासून फाटकाकडे बघतेय."

ओडिलॉन हिरव्या बोटांकडे बघत राहिला. "आलो होतो. फाटकापर्यंत. तिथे डोक्यात आलं, मी आत गेलोच नाही तर? गोडेलीव्ह तोंड उघडणार नाही. फिर्मिन नेम धरणार नाही. मग मीच राजा. एमेरान्स गेल्यापासून माझ्या मानाच्या खोलीचं कुलूप कोणी काढलेलं नाही, विवी. म्हटलं, चित्र आलं तर गाव येईल बघायला. आणि फिरलो मागे."

चोराची वकिली करावीशी वाटणं विव्हिनाच्या नोकरीत बसणारं नव्हतं. आणि तेवढ्यात मैदानाकडून लोकांना जमा करणारा पहिला ढोल ऐकू आला.

ती खोक्याकडे वळली, पण ओडिलॉनने ते आधीच उचललं होतं. "तू नको," तो म्हणाला. "मी नेतो." आणि म्हातारा ॲप्रनसकट धावत सुटला.

५

मैदानात सगळं गाव जमलं होतं. फिर्मिन रिकाम्या हातांनी खांबापाशी उभा होता आणि पट्ट्याची कडी सोडत होता. सेराफाइनच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नियम म्हणजे नियम. गोडेलीव्ह रुमाल चावत होती. ती तोंड उघडणार, एवढ्यात गर्दीतून ओडिलॉन घुसला.

"फिर्मिन! तुझं... तुझं हे राहिलं होतं."

त्याने खोकं उघडलं. फिर्मिनने चित्र उचललं, आणि त्याचे दोन्ही अंगठे चित्रातल्या ओल्या आभाळात रुतले.

राजवाडा परत आला होता, आणि असा की आर्चड्यूकनेही बघत राहावं. बुरुजांवर बुरूज, सज्ज्यांना क्रीमच्या झालरी, तळ्यात अंड्याच्या फेसाचे वाटावेत असे हंस. ओल्या रंगावर ऊन चमकत होतं. हादेविखने तोंड उघडलं, तेव्हा विव्हिनाने तिच्या पायावर पाय दिला.

सेराफाइनने चित्राकडे पाहिलं. मग ओडिलॉनच्या बोटांकडे. "मंडळाचा प्रमुख म्हणून विचारतो," तो अडखळत म्हणाला. "हे... हे तेच चित्र आहे का?"

फिर्मिन काही बोलणार, तोच मागून काठी आपटल्याचा आवाज आला. एका जुन्या राजाची विधवा पुढे येत होती.

"तेच आहे. माझ्या घरी वर्षभर होतं, मी ओळखणार नाही?"

"तेच!" दुसरी म्हातारी म्हणाली. तिचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता.

"अगदी तेच," तिसरी.

"हंससुद्धा तेच!" चौथीने जरा जास्तच जोरात सांगितलं. ज्या ज्या घरात ते चित्र एक वर्ष राहिलं होतं, त्या त्या घरची राणी ठामपणे साक्ष देत होती, आणि एकीचीही नजर दुसरीच्या नजरेला भिडत नव्हती. सेराफाइनने अखेर आपल्या बायकोकडे पाहिलं. तिने हात ॲप्रनखाली लपवले. तोही एकदा राजा झाला होता.

"तू पण?" तो पुटपुटला.

"तेच चित्र आहे," ती म्हणाली. "आणि तू आता स्पर्धेचा ढोल वाजवायला सांग."

ढोल वाजला. फिर्मिनने चित्र खांबाला टेकवलं, रंगाने माखलेले अंगठे विजारीला पुसले आणि धनुष्य घेतलं. पहिला बाण गेला तो कोबीच्या शेतात. ओडिलॉनचा पोपटाच्या शेपटीला चाटून गेला. पुन्हा फिर्मिनची पाळी आली. त्याने बराच वेळ वर बघितलं. बाण सुटला, वर कुठेतरी टक् झालं, आणि लाकडी पोपट गिरक्या घेत खाली येऊन गवतात पडला.

मग काय विचारता! टोप्या उडाल्या, बिअर उडाली, गोडेलीव्हने रंगाची पर्वा न करता नवऱ्याला मिठी मारली. ढोलवाल्यांना थांबवता थांबवता सेराफाइनच्या नाकी नऊ आले. शेवटी त्याने फिर्मिनला खांबापाशी उभं केलं. सम्राटाची शपथ त्याला बापाने तोंडपाठ करून घेतली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती म्हणायची वेळ आली होती.

"माझ्यामागून म्हण. आज मी सम्राट झालो."

"आज मी सम्राट झालो!" फिर्मिन गरजला.

"आज मी धनुष्य खाली ठेवतो."

"आज मी धनुष्य खाली ठेवतो."

"यापुढे माझा बाण कधीही पोपटावर सुटणार नाही."

"यापुढे माझा..." फिर्मिन थांबला. "यापुढे म्हणजे?"

"सम्राट नेम धरत नाही, फिर्मिन. सम्राट बसतो. ही खुर्ची."

"किती दिवस?"

"मरेपर्यंत," सेराफाइन हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

फिर्मिनला माहीत नव्हतं. सम्राट व्हायचं एवढंच त्याने तरुणपणापासून ठरवलं होतं. सम्राट झाल्यावर काय, हे विचारायला कधी सवड झाली नाही. त्याने उरलेलं वाक्य म्हटलं, पण पुढच्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. गाव नाचायला तंबूकडे गेलं, गोडेलीव्ह सगळ्यांची अभिनंदनं गोळा करत फिरू लागली, आणि सम्राट खुर्चीत बसून रिकाम्या खांबाकडे बघत ओक्साबोक्शी रडले. विव्हिना जवळ जाणार होती. पण कोणीतरी आधीच खुर्चीशेजारी गवतात येऊन बसलं होतं.

"सकाळी मी तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो," ओडिलॉन म्हणाला. "आणि चित्र घेऊन मागे फिरलो. मुद्दाम."

फिर्मिनने नाक पुसलं. "तुझ्या जागी मी असतो, तर फाटकापर्यंतही आलो नसतो."

"भट्टीमागे मोकळी जागा आहे माझ्याकडे," ओडिलॉन म्हणाला. "काठीला बिस्किटांचा डबा बांधू. डब्याला कोण पोपट म्हणेल?"

सम्राटांनी इकडेतिकडे पाहिलं. "उद्या?"

"उद्या दुकान बंद आहे."

"मग सकाळीच येतो," फिर्मिन म्हणाला, आणि गोडेलीव्हला दिसणार नाही अशा बेताने त्याने पायाने धनुष्य खुर्चीखाली सरकवलं.